रोस्क्यातलं तिसरं बाहुलं

डॉन एवारिस्तो किन्तानार यांना मधुमेह नव्हता. त्यांना 'थोडीशी साखर' होती. अकरा वर्षांपूर्वीही थोडीशी होती, आणि आजही कोणी विचारलं तर ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चिमूटभर जागा ठेवून म्हणत, "इतकीशी." मधुमेह हा दुसऱ्यांना होणारा रोग. तो कोपऱ्यावरच्या शिंप्याला झाला होता, त्याचा पाय गुडघ्याखाली कापला होता, आणि त्याच्या दुकानावरून जायची वेळ आली की डॉन एवारिस्तो रस्ता ओलांडून पलीकडून जात. पलीकडची फरशी जास्त सपाट आहे, असं त्यांचं म्हणणं.

साखर आली कुठून, हेही त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी ते बसथांब्यावर उभे असताना डोक्यावरच्या खांबावरचा विजेचा डबा धडाडकन फुटला. केसालाही धक्का लागला नाही, पण धसका बसला. आता आमच्या हालापा शहरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की धसका बसलेल्या माणसाच्या हातात आधी पाव द्यायचा. लांबुळका, कडक सालीचा, नुसता कोरडा. धसका पोटात उतरायच्या आत पाव पोटात गेला पाहिजे. पण त्या सोमवारी बेकरी बंद आणि घरात पावाचा चुरासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर साखर तीनशे बारा. आणखी काय पुरावा हवा? तेव्हापासून डॉन एवारिस्तो रोज सकाळी दहा वाजता कचेरीत एक पाव खात. राहून गेलेला उपाय पुरा करायला नको का?

"अकरा वर्षं पाव खातोयस," त्यांची बायको ओर्तेन्सिया म्हणे, "अजून धसका संपला नाही?"

"मोठा होता, म्हातारे," ते म्हणत.

हे दोघं एकमेकांना म्हातारा-म्हातारी म्हणत ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, तेव्हा दोघांचं वय पन्नासच्या वर नव्हतं, मिळून.

डॉन एवारिस्तो नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात खिडकी क्रमांक चारवर बसत. तीस वर्षं त्यांनी माणसांना "एक प्रत कमी आहे" असं सांगून परत पाठवलं होतं, आणि तेही एकदाही आवाज न चढवता. अशा माणसाला एक आब राखावा लागतो. त्यामुळे दिवसाला दोन मोठ्या बाटल्या पाणी लागायला लागलं तेव्हा त्यांनी खिडकीतल्या बोलण्याने घसा सुकतो असं जाहीर केलं. वर्षात तीनदा चष्मा बदलला तेव्हा चष्मेवाला लबाड ठरला. गेल्या साली पायांना मुंग्या यायच्या, यंदा त्या यायच्या थांबल्या होत्या. म्हणजे तब्येत उलट सुधारत होती.

दवाखान्याच्या तारखेचं त्यांनी एक तंत्र बसवलं होतं. महिन्याची तारीख आली की आधीचे तीन दिवस मक्याच्या भाकऱ्या बंद, पाव बंद, गोड पेय बंद, आणि सकाळ-संध्याकाळ निवडुंगाच्या फड्यांचा हिरवागार, बुळबुळीत रस. ही शेजारच्या डोन्या एदुविखेसची देणगी. एदुविखेसबाईंनी कुंपणावरून आजवर जेवढी औषधं सुचवली तेवढी सरकारी औषधालयातही नसतील. कोणाला दालचिनी, कोणाला पेरूची पानं, कोणाला अनवाणी गवतावर चालणं; आणि सगळ्याला दाखला म्हणून त्यांच्या एका मावसभावाचं नाव, जो ठणठणीत बरा झाला होता आणि नंतर कशाने तरी वारला. तर तीन दिवस हा रस पिऊन डॉन एवारिस्तो उपाशीपोटी रक्त द्यायला जात, आकडा बऱ्यापैकी येई, म्हातारे डॉक्टर पाठ थोपटत, आणि दवाखान्याच्या दारातच एक गोड पाव घेऊन ते यश साजरं करत.

डिसेंबरात म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टर ओल्गीन नावाची एक बाई आली. वय असेल तिशीचं. तिने आकडा पाहिला, मग डॉन एवारिस्तोंकडे पाहिलं, मग पुन्हा आकडा पाहिला.

"पुढच्या वेळी आपण वेगळं रक्त तपासू," ती म्हणाली. "त्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं. आदल्या दिवशी उपास करून काही होत नाही त्याला."

डॉन एवारिस्तोंना हे रक्ताचं चहाडखोर वागणं बिलकूल आवडलं नाही.

"आणि आता बूट-मोजे काढा. पाय बघते."

इथे घोटाळा झाला. त्या दिवशी त्यांच्या उजव्या मोज्याला अंगठ्याच्या जागी चांगलं लिंबाएवढं भोक होतं. नगरपालिकेतला तीस वर्षांचा माणूस, परक्या तरुण बाईसमोर भोकातून अंगठा दाखवणार? "आज घाई आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नक्की." तिने आठ जानेवारी ही तारीख दिली, वर तांबड्या शाईने 'पाय' असं लिहून दिलं.

ओर्तेन्सियाने तो कागद फ्रिजवर लावला आणि सरळ आणीबाणी पुकारली. त्याला कारण होतं. एकवीस फेब्रुवारीला नातीच्या, नायेलीच्या, पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता. मुलगी पंधरा वर्षांची झाली की बापाने सगळ्या गोतावळ्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या पायातली सपाट चप्पल काढायची, पहिली उंच टाचेची चढवायची, आणि तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचायचा. नायेलीचा बाप उत्तरेला शिकागोत इमारतींवर काम करत होता आणि कागदपत्रांच्या भानगडीमुळे तो आला असता तर परत जाऊ शकला नसता. तेव्हा चप्पल आजोबांची आणि वॉल्ट्झही आजोबांचा. नायेलीने हे जाहीर केलं त्या दिवशी डॉन एवारिस्तो मोरीत जाऊन दार लावून रडले होते आणि बाहेर येऊन साबण डोळ्यात गेला म्हणाले होते. आयुष्यात त्यांच्याकडे कोणी इतकं मोठं काही मागितलंच नव्हतं.

"ऐक, म्हाताऱ्या," ओर्तेन्सिया म्हणाली. "नाचायचंय ना पोरीबरोबर? मग आता पाव नाही, केक नाही, आणि सहा तारखेला कचेरीत सणाचा रोस्का कापतील त्याचा एक कणही नाही. शपथ घे."

"घेतली."

"आईची घे."

"माझ्या का तुझ्या?"

"तुझ्या. माझी आई जिवंत आहे."

वॉल्ट्झच्या तालमी दर बुधवारी चर्चमागच्या सभागृहात चालत. नाच शिकवणारा एक कंबर बारीक असलेला तरुण होता, तो टाळ्या वाजवून एक-दोन-तीन म्हणे. डॉन एवारिस्तो मान ताठ ठेवून नाचत, कारण नाचात मानच दिसते असा त्यांचा समज होता.

"आजोबा," नायेली पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमचा पाय माझ्या पायावर आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या कडव्यापासून."

"मग बोलायचं नाही का आधी?"

"मला वाटलं तुम्हाला कळलं असेल. पंचाऐंशी किलो आहात हो तुम्ही."

ते खळखळून हसले. पातळ बुटातून मुलीचं बोट खाली आलेलं आपल्याला कळलं कसं नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नाही. आला असता तरी त्यांनी तो पलीकडच्या फरशीने टाळला असता.

सहा जानेवारी उजाडली. पाणीपट्टी खात्यात मधल्या मेजावर रोस्का आला, तीन राजांच्या सणाचा गोड पाव, हातभर लांब, अंडाकृती, वर साखरेचे पट्टे आणि मुरवलेल्या संत्र्याच्या फोडी. बेकरीवाल्याने खोक्यावर लिहिलं होतं: 'आत बाहुली तीन'. बाळ येशूचं हे प्लॅस्टिकचं बाहुलं बोटाच्या पेराएवढं असतं, पण पिठात दडून बसतं आणि ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्या कचेरीला तमालेस खायला घालायचे. मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले, अठरा माणसांचे म्हणजे साठ-सत्तर नग. त्यामुळे सुरी फिरवताना भली भली माणसं देवाचं नाव घेतात.

डॉन एवारिस्तो लांब भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. साखर नसलेली कॉफी समोर. चेहऱ्यावर हुतात्म्याचा भाव.

"काय, कोम्पाद्रे?" लादिस्लाओ म्हणाला. हा खिडकी क्रमांक पाचचा. दोघांनी एकमेकांच्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेतलं होतं, तेव्हापासून एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत आणि एकमेकांची खोडी काढत. "तुम्ही नाही घेणार?"

"माझी साखर, कोम्पाद्रे."

"अहो, साखर वर आहे. मी तुम्हाला खालची कड कापून देतो. कडेला काय असतं? नुसता पाव!"

पाव. हा शब्द लादिस्लाओने उच्चारायला नको होता. पाव म्हणजे तर औषध. आणि शपथ रोस्क्याची होती, कडेची नव्हती. डॉन एवारिस्तोंनी पुढे होऊन स्वतःच सुरी घेतली आणि कागदाएवढा पातळ तुकडा कापला. तो संपला. मग त्याला एकटं वाटू नये म्हणून दुसरा. दुसऱ्याच्या मधोमध दातांना काहीतरी टणक लागलं.

बाहुलं!

त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोरून सगळं झरझर गेलं. बाहुलं सापडलं म्हणून ओरडायचं, म्हणजे तमालेस. तमालेस करणार कोण? ओर्तेन्सिया. ती विचारणार, रोस्का खाल्ला नाहीस तर बाहुलं आलं कुठून? आईची शपथ! त्यांनी जिभेने बाहुलं हळूच डाव्या गालात सारलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

नेमके त्याच वेळी खात्याचे साहेब खुर्चीवरून उठले. "मित्रहो," ते म्हणाले, "नव्या वर्षाच्या सुरुवातीला आपल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने, डॉन एवारिस्तोंनी, दोन शब्द बोलावेत अशी माझी इच्छा आहे."

टाळ्या पडल्या. डॉन एवारिस्तो पुढे आले. त्यांनी छातीवर हात ठेवला. मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर बाळ येशू साहेबांच्या कॉफीत पडले असते. बाहुल्याचा पाय गालाच्या आतल्या बाजूला टोचून डोळ्यांत पाणी आलं. खात्यातल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणीतरी हुंदका दिला. "यांना शब्दच फुटत नाहीत," साहेब भारावून म्हणाले, आणि त्यांनी डॉन एवारिस्तोंना मिठी मारली. नोकरीच्या तीस वर्षांत इतकं परिणामकारक भाषण त्यांनी केलं नव्हतं.

मिठीतून सुटल्यावर त्यांनी रुमालात खोकून बाहुलं बाहेर काढलं आणि पँटच्या उजव्या खिशात टाकलं. त्या खिशाला भोक आहे हे ओर्तेन्सिया तीन आठवडे सांगत होती. या माणसाचा सगळा इतिहास भोकांचा आहे, मोज्याचं काय नि खिशाचं काय. पाच मिनिटांनी खिसा चाचपला तर रिकामा! म्हणजे बाहुलं कचेरीत कुठेतरी जमिनीवर लोळत पडलंय. डॉन एवारिस्तो पेन पडल्याचं निमित्त करून चारही मेजांखालून रांगत फिरले. बाहुलं नाही.

तोवर खोका वाचला गेला होता. बाहुली तीन, सापडली दोन. तिसऱ्याचा हिशेब लागेना. कोणीतरी लपवलं! खात्याच्या इज्जतीचा प्रश्न आला. साहेबांनी तिथल्या तिथे चौकशी बसवली, आणि चौकशी अधिकारी म्हणून एकमताने निवड झाली ती खात्यातल्या सर्वांत प्रामाणिक माणसाची, ज्याने साखरेमुळे रोस्का जवळजवळ खाल्लाच नव्हता.

दोन दिवस डॉन एवारिस्तो वह्या घेऊन तिन्ही मजले चढत-उतरत होते. सतरा जणांचे जबाब घेतले. "तुम्ही किती तुकडे खाल्ले? चावताना काही टणक लागलं का? शपथेवर सांगा." एका बाईला त्यांनी इतका तिखट उलटप्रश्न विचारला की ती रडली, आणि मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की बेकरीत जाऊन त्यांनी धसक्याचा एक पाव खाल्ला. दोन्ही दिवस आमची ती हालापाची बारीक पावसाची झिमझिम चालू होती. संध्याकाळी उजवा मोजा तळाला ओला आणि तांबूस दिसला. तपकिरी बुटाचा रंग जातोय, असं म्हणून त्यांनी तो बादलीत टाकला. बुधवारी त्याच बुटांत दीड तास वॉल्ट्झ झाला. नाचाच्या मास्तरने सांगितलं की आजोबांच्या चालीत आता हलकेपणा आलाय.

आठ तारखेला ओर्तेन्सिया बरोबर आली. तिने आदल्या दिवशी पांढरे शुभ्र, कोरे मोजे आणले होते. दवाखान्याच्या खिडकीत पंचविशीची एक मुलगी बसली होती.

"ओळखपत्राची प्रत?"

"ही घ्या."

"दोन लागतात."

"बाई, तीच ती आहे, तुम्ही एक बघा आणि—"

"एक प्रत कमी आहे," मुलगी म्हणाली, आवाज न चढवता. मग गोड हसली. "तुम्ही ओळखलं नाही मला. मी जूनमध्ये पाण्याच्या मीटरसाठी तीनदा आले होते. खिडकी क्रमांक चार."

प्रत काढायला चौकापर्यंत जाऊन यावं लागलं. जाताना ओर्तेन्सियाचे खांदे हसत होते.

डॉक्टर ओल्गीनने समोर कागद ठेवला. "तीन महिन्यांचा आकडा. अकरा पूर्णांक चार. सातच्या आत हवा."

"इतकीशी जास्त आहे," डॉन एवारिस्तोंची बोटं आपोआप वर गेली.

"डॉन एवारिस्तो, गेले तीन महिने तुमचं रक्त सरबत आहे. तुम्हाला तहान लागते? नजर अंधूक होते? पायाला मुंग्या?"

"मुंग्या गेल्या!" ते विजयाने म्हणाले.

डॉक्टरचा चेहरा मात्र उतरला. "बूट काढा."

आज भीती नव्हती, कोरे मोजे होते. डावा बूट त्यांनी ऐटीत काढला. मग उजवा. ओर्तेन्सियाच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. पांढऱ्या मोज्याचा तळवा लालभडक होता. डॉक्टरने मोजा सोलून काढला. अंगठ्यामागच्या गादीला बदामाएवढी खोल जखम होती. तिने बूट उचलला, उलटा केला आणि मेजावर आपटला.

टक्. गुलाबी प्लॅस्टिकचं बाळ मेजावर पडलं, दोन्ही हात पसरून.

सोळा जबाबांची वही डॉन एवारिस्तोंच्या बगलेत होती. सतरावा, त्या बाईचा, रडण्यामुळे अपुरा राहिला होता. आता म्हातारी काय काय म्हणेल याची त्यांनी मनात यादी केली. आई, शपथ, खिशाचं भोक, तमालेस.

"निदान दोन दिवस तरी हे बुटात होतं," डॉक्टर म्हणाली. "आणि तुम्हाला कळलं नाही?"

"बूट जरा घट्ट..."

"डोळे मिटा. मी हा दोरा पायाला लावते. लागला की 'हो' म्हणा."

त्यांनी डोळे मिटले. वाट पाहिली. शाळेत तोंडी परीक्षेला उभे असायचे तसे कान टवकारून वाट पाहिली. बराच वेळ गेला.

"करा ना सुरू, डॉक्टर," ते म्हणाले.

"दहा जागी लावून झालं."

त्यांनी डोळे उघडले. आधी ओर्तेन्सियाकडे पाहिलं. ती त्यांना शिव्या देत नव्हती. ती मेजावरचं बाहुलं उचलून पदराने पुसावं तसं ओढणीच्या टोकाने पुसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. चाळीस वर्षांत ही बाई भांडायची संधी सोडून कधी रडली नव्हती. डॉन एवारिस्तोंना भीती वाटली. विजेचा डबा फुटला तेव्हा वाटली होती त्याच्या कितीतरी पट वाटली, आणि या वेळी पावाची आठवण झाली नाही. शिंप्याची झाली.

"पाय जाईल?" त्यांनी विचारलं.

"ऐकलंत तर नाही," डॉक्टर म्हणाली. "इन्शुलिन आजपासून. या पायावर सहा आठवडे वजन नाही, मी देते ती चप्पल आणि कुबडी. रोज तळवा बघायचा. आणि इथून पुढे कुठलाही बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपायचा, उलटा करून झटकायचा. तुमचे पाय आता तुम्हाला काही सांगणार नाहीत. दुसरं कोणीतरी बघायला हवं."

"एकवीस फेब्रुवारीला नातीबरोबर नाचायचंय मला."

डॉक्टरने कॅलेंडर पाहिलं. "सहा आठवडे आणि दोन दिवस. भरली जखम तर नाचा. नाही भरली तर खुर्चीत बसा. मला खोटं सांगता येत नाही."

घरी नायेलीने ही बातमी ऐकली. तिने बाहुलं आजीच्या हातातून घेतलं, निरखलं, आणि स्वतःच्या शाळेच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती आजोबांच्या पायाशी स्टुलावर बसली. "दाखवा," म्हणाली. रोज ती तळव्याचा फोटो काढे आणि कालच्या फोटोशी लावून बघे. "आजोबा, इथे काल लाल होतं, आज गुलाबी आहे." "आजोबा, नखं कापा, घोड्यासारखी झालीत." ज्या पायांवर डॉक्टरसमोर मोजा राखला ते पाय आता एका पोरीच्या फोनमध्ये दिवसाच्या क्रमाने लावलेले होते. आब म्हणून जे काही उरलं होतं ते त्यांनी इन्शुलिनच्या सुईला वाहिलं. पहिल्या सुईला डोळे घट्ट मिटून ते इतक्या जोरात ओरडले की कुंपणापलीकडून एदुविखेसबाई निवडुंग घेऊन धावत आल्या. तो निवडुंग डॉन एवारिस्तोंनी भाजी म्हणून ठेवून घेतला. भाकऱ्या दोनवर आल्या, आणि दहाच्या पावाच्या जागी काकडी आली. काकडीत कुठल्याही धसक्यावर उतारा नाही, हे त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

चौकशीचा अहवाल त्यांनी कुबडीवर टेकून वाचून दाखवला. "सतरा साक्षीदार निर्दोष आहेत. बाहुलं चौकशी अधिकाऱ्याने लपवलं." साहेबांनी दोन मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग ते भाषण?" त्याचं उत्तर अहवालात नव्हतं. दोन फेब्रुवारीला ओर्तेन्सियाने सत्तर तमालेस केले. डॉन एवारिस्तोंनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढले, रडवलेल्या बाईला दोन जास्त, आणि स्वतः एक खाल्ला. लादिस्लाओने नऊ खाल्ले. "कडेचेच खाल्ले, कोम्पाद्रे," म्हणाला.

जखम मात्र आपल्या गतीने चालली होती. पाचव्या आठवड्यात ती हट्टाला पेटल्यासारखी तिळाएवढीच राहिली. "नाही जमलं तर तुझा मामा नाचेल," असं एकदा त्यांनी नायेलीला सांगून पाहिलं. "मामा ढोलासारखा नाचतो," ती म्हणाली आणि फोटो काढत राहिली.

एकोणीस फेब्रुवारीला डॉक्टर ओल्गीनने भिंग लावून पाहिलं. "बंद झालीय," ती म्हणाली. "एक वॉल्ट्झ. एकच. आणि हे बूट." ते बूट काळे, रुंद आणि इतके बेढब होते की बदकानेही नाकारले असते. डॉन एवारिस्तोंनी ते दोन्ही हातांनी घेतले.

सभागृहात दोनशे माणसं. नायेली निळ्या घेरदार झग्यात खुर्चीवर बसली, तिची मैत्रीण मखमली उशीवर चंदेरी, उंच टाचांच्या चपला घेऊन आली. शिकागोतला बाप फोनच्या पडद्यावरून बघत होता. ओर्तेन्सियाने फोन उंच धरला होता. वाद्यं थांबली. डॉन एवारिस्तो गुडघ्यावर बसले, सपाट चप्पल काढली, चंदेरी चप्पल उचलली, आणि दीड महिन्याच्या सवयीने, दोनशे माणसांसमोर, तिच्यात हात घातला.

पुढच्या टोकाशी काहीतरी टणक होतं.

त्यांनी चप्पल उलटी करून झटकली. टक्. गुलाबी बाळ दोन्ही हात पसरून फरशीवर पडलं.

"तमालेस!" मागून लादिस्लाओ ओरडला, आणि सगळं सभागृह हसण्याने, टाळ्यांनी दणाणून गेलं. "तमालेस! दोनशे माणसांचे!"

नायेली वाकून हळूच म्हणाली, "बघत होते, लोक बघायला लागले की विसरता का ते."

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. या खेपेला तोंडात बाहुलं नव्हतं, तरी शब्द फुटला नाही. त्यांनी चप्पल पुन्हा एकदा चाचपली, दुसरीही चाचपली, दोन्ही तिच्या पायांत चढवल्या, आणि तिच्या हाताला धरून उठले.

वॉल्ट्झ सुरू झाला. डॉन एवारिस्तोंची मान आज ताठ नव्हती. ते खाली, बेढब बुटांकडे बघत नाचत होते.

"आजोबा, वर बघा. फोटो काढताहेत."

"बघावं लागतं, पोरी. हे पाय काही कळवत नाहीत आता."

"मी सांगते ना. तुम्ही माझ्याकडे बघा."

त्यांनी मान वर केली. आणि तिने सांगितलं. डावा, उजवा, आता वळा, आता तुमचा पाय माझ्या पायावर आहे, उचला, शाब्बास. अख्खा वॉल्ट्झ संपेपर्यंत ती सांगत होती, शेवटच्या रांगेतल्या एदुविखेसबाईंनाही नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.